मागचा जोर

बँकेच्या किंवा दवाखान्याच्या काचेच्या दारावर इंग्रजीत ‘पुश’ असं ठळक लिहिलेलं असतं आणि तरी माणसं आधी ते ओढून पाहतात. थोडी झटापट होते, आतला सुरक्षारक्षक हाताने खूण करतो, मग दार उघडतं. इंग्रजी न येणारेच असं करतात असं नाही. इंग्रजीतून व्याख्यानं देणारेही करतात. डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकन अभ्यासकाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या घडणीवर एक पुस्तक लिहिलं आणि हा दोष माणसांकडून काढून दाराच्या माथी मारला. धरण्याजोगी मूठ लावलीत तर हात ती धरणार आणि धरलेली वस्तू ओढणार. वर काय लिहिलंय ते वाचायला डोळे मागाहून पोचतात. ढकलायचं असेल तिथे मूठ लावूच नका, सपाट पट्टी लावा, हात आपोआप ढकलेल. दारावर सूचना लिहावी लागली म्हणजे दार करणाऱ्याचं काहीतरी चुकलं, असं त्याचं म्हणणं. अशा हट्टी दारांना आता इंग्रजीत ‘नॉर्मन दार’ म्हणतात. बिचाऱ्याने दारं सुधारायला सांगितली आणि त्याचं नाव मिळालं ते बिघडलेल्या दारांना.

दारावरचा हा शब्द एव्हाना आपल्याकडे घरभर हिंडू लागला आहे. कचेरीत फाइल ‘पुश’ करतात, बैठक दोन दिवस ‘पुश’ होते, माल खपवायला ‘पुश’ द्यावा लागतो. फोनवर न मागता येऊन आदळणाऱ्या सूचनाही ‘पुश’च. मराठीने हे सगळं काम एकट्यादुकट्या शब्दावर कधी टाकलं नव्हतं. दार लोटायचं, मुद्दा रेटायचा, ताट पुढे सारायचं, गाडी ढकलायची. गर्दीत रेटारेटी आणि पोरांत ढकलाढकली. दार ढकलून आत आलेला माणूस रागात आहे आणि लोटून आलेल्याला घरच्यांची झोपमोड करायची नाही, हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

या सगळ्यांत मला ढकलण्याचं कुतूहल जास्त, कारण त्यात एक गोष्ट ठरलेली आहे: ढकलणारा मागे असतो. ओढणाऱ्याला निदान वाट दिसते. ढकलणाऱ्यासमोर असते ती वस्तूची पाठ. पुढे खड्डा आहे की माणूस, वळण आहे की भिंत, हे त्याला कळायला मार्ग नसतो. जोर त्याचा, डोळे दुसऱ्याचे. रायगडाच्या टकमक टोकावरून गुन्हेगारांचा कडेलोट करीत असं सांगतात, तिथे तेवढं ढकलणाऱ्याला पुढे काय आहे ते पक्कं ठाऊक असणार. एरवी ढकलणं म्हणजे न पाहता जोर लावणं. त्यातलं सगळं भय आणि सगळी गंमत इथूनच निघते.

भय आधी सांगते. इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर संडरलंड नावाचं बंदर आहे. तिथल्या व्हिक्टोरिया हॉलमध्ये १६ जून १८८३ रोजी मुलांसाठी जादूचे आणि करमणुकीचे खेळ होते. खेळ संपताना बक्षिसं वाटायला सुरुवात झाली. खाली बसलेल्या मुलांना ती रंगमंचावरून हातोहात मिळू लागली, तशी वरच्या सज्जातली हजारभर मुलं आपल्याला काही उरणार नाही या धास्तीने जिन्याकडे धावली. जिन्याच्या तळाशी आतल्या बाजूला उघडणारं दार होतं आणि एका वेळी एकच मूल बाहेर पडावं एवढी फट ठेवून ते खिटीने अडकवलेलं होतं. पुढची मुलं त्या फटीशी अडकली. मागची येतच राहिली. तळाशी काय झालंय हे त्यांना दिसत नव्हतं, दिसत होतं ते मनातलं बक्षीस. त्या जिन्यात १८३ मुलं गुदमरून गेली. त्यांतली काही तीन-चार वर्षांची होती. मारणारं कुणी नव्हतं. प्रत्येकाचे हात फक्त आपल्या पुढच्याच्या पाठीवर होते.

या दुर्घटनेनंतर सार्वजनिक जागांची दारं बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत या मागणीला इंग्लंडमध्ये जोर आला. १८९२ मध्ये रॉबर्ट ब्रिग्ज याने एका नव्या खिटीचं पेटंट घेतलं. दाराच्या आतल्या अंगाला, कमरेच्या उंचीवर, एक आडवी दांडी. तिच्यावर कसाही भार पडो, हाताचा, पोटाचा किंवा दहा जणांच्या रेट्याचा, खिटी सुटते आणि दार बाहेर उघडतं. अमेरिकेला हे शिकायला १९०३ चा डिसेंबर उजाडावा लागला. शिकागोच्या इरोक्वॉय थिएटरला खेळ चालू असताना आग लागली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. त्यांतली कित्येक अशा दारांपाशी सापडली ज्यांच्या कड्या कशा उघडायच्या हे त्यांना कळलं नव्हतं. त्या खेळाला जायचं ठरवून ऐनवेळी न जाऊ शकलेला कार्ल प्रिन्झलर हा लोखंडी सामानाचा विक्रेता होता. त्याने पुढे आणखी दोघांच्या साथीने अशीच दांडी तयार करवली आणि १९०८ मध्ये ती बाजारात आली.

आज आपल्या गावातल्या मल्टिप्लेक्समध्ये सिनेमा संपल्यावर पॉपकॉर्नचा रिकामा डबा हातात घेऊन आपण ज्या दारातून बाहेर पडतो, त्याच्यावर बहुधा तीच दांडी असते. ढकलताना आपण तिच्याकडे बघतही नाही आणि तिची करामत त्यातच आहे. भ्यालेली गर्दी कडी शोधत नाही, मूठ फिरवत नाही, दोन पावलं मागे सरून दार आपल्याकडे ओढून घेत नाही. मागे सरायला जागाच नसते. तिला त्या वेळी एकच क्रियापद येतं, आणि ते ज्याला कळतं तेच शहाणं दार.

मुंबईच्या लोकलमध्ये हे क्रियापद रोज चालवावं लागतं. गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये उभी १४ ते १६ माणसं, या अवस्थेला रेल्वेच्या भाषेत ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं भारदस्त नाव आहे. डोंबिवलीहून निघणाऱ्या बायकांच्या डब्यात माझी उमेदीची बरीच वर्षं गेली. तिथे ढकलण्याचेसुद्धा रिवाज आहेत. पर्स पोटाशी घ्यायची, ओढणी खोचायची, केस वर बांधायचे. ‘दादर का?’ असं पुढचीला विचारायचं; हो म्हणाली तर तिच्या मागे उभं राहायचं, नाही म्हणाली तर तिच्याशी जागा बदलायची. मग स्टेशन येतं आणि आपण उतरत नाही, उतरवल्या जातो. एखादी नवखी चिडते, ‘अहो, ढकलताय काय?’ मागून ठरलेलं उत्तर येतं, ‘मी नाही हो, मागून ढकलतायत.’ त्या मागचीला विचारलं तरी हेच. ही साखळी कुठवर जाते ते कुणी पाहिलेलं नाही. डब्यातली अगदी शेवटची बाई पत्र्याला टेकलेली असते आणि तीसुद्धा शपथेवर सांगेल की मागून ढकललं.

टोकियोच्या शिंजुकू स्थानकात १९५५ पासून या कामाला माणसं नेमली. सुरुवातीला त्यात कॉलेजातली मुलं जास्त होती. डोक्याला टोपी, हातात पांढरे मोजे. दार मिटेपर्यंत प्रवाशांना अदबीने आत दाबायचं. त्यांना ‘ओशिया’ म्हणत, म्हणजे ढकल्ये. कोण ढकलतंय या प्रश्नाला तिथे निदान गणवेशातलं उत्तर होतं. आपण ते काम सगळ्यांनी मिळून, बिनपगारी आणि निनावी केलं.

हे निनावीपणच घातक आहे. जॉन फ्रुइन या अमेरिकन अभियंत्याने गर्दीतल्या दुर्घटनांचा अभ्यास करून १९९३ मध्ये जे मांडलं ते वाचल्यापासून मी जिने वेगळ्या नजरेने बघते. हलत्या गर्दीत चौरस मीटरला सातेक माणसं झाली, की गर्दी जवळजवळ द्रव होते. धक्क्याच्या लाटा तिच्यातून सरकतात, माणसांचे पाय जमिनीवरून सुटतात, कुणाच्या मनात असो-नसो ती तीन मीटर किंवा त्याहूनही लांब फेकली जातात. अशा जागी माणसं तुडवली जाऊन मरतात असं आपण म्हणतो. खरं तर बहुतेक जण उभ्याउभ्या छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून जातात. आणि मागच्याला पुढची खबर पोचत नाही, म्हणून तो जोर काढून घेत नाही. म्हणजे दुष्टपणा लागतच नाही. बातमी न पोचणं पुरतं.

२९ सप्टेंबर २०१७ ला, दसऱ्याच्या आदल्या सकाळी, एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर हेच झालं. पाऊस कोसळत होता, माणसं आडोशाला जिन्यावर थांबून राहिली, गाड्यांतून उतरलेली आणखी माणसं येतच राहिली. त्या अरुंद जिन्यात २३ जण गेले. पुढे लष्कराने तिथे नवा पूल बांधून दिला. २०१८ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. रुंद जिना हा ब्रिग्जच्या दांडीचाच भाऊबंद. गर्दीला डोळे देता येत नाहीत, तिच्या जोराला वाट मात्र देता येते.

आता गंमत. मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी कर्जतला थांबते ती वडापावसाठी, असं लहानपणी आम्हा भावंडांचं ठाम मत होतं. बाबा खाली उतरायचे, आई खिडकीतून ‘चटणी वेगळी घ्या हो’ म्हणून ओरडायची, आणि वडे येईपर्यंत गाडीला मागून एक बारीकसा हिसका बसायचा. तो हिसका म्हणजेच थांबण्याचं खरं कारण, हे खूप उशिरा कळलं. गाडीच्या शेपटाला दोन-तीन इंजिनं येऊन लागलेली असत. रेल्वेवाले त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढच्या इंजिनाने ओढायचं आणि यांनी मागून ढकलायचं, असं करत गाडी बोरघाट चढते. नाशिकच्या बाजूला कसाऱ्याहून इगतपुरीला जातानाही हीच तऱ्हा.

कर्जत ते लोणावळा हे अंतर २८ किलोमीटर आणि तेवढ्यात गाडी सुमारे साडेपाचशे मीटर वर जाते. चढ कुठे कुठे ३७ ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. डांबरी रस्त्याला हे काहीच नाही. गुळगुळीत पोलादावर गुळगुळीत पोलादी चाक चालवणाऱ्याला हा कडा आहे. १८५६ मध्ये या घाटाचं काम सुरू झालं आणि १८६३ मध्ये गाडी वर पोचली. एका वेळी ४०,००० हून अधिक मजूर इथे राबत होते. त्यांतले हजारो पटकीने, तापाने आणि अपघातांनी गेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदार विलायतेहून १८५९ मध्ये आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची बायको अ‍ॅलिस बोटीत बसून परत गेली नाही. तिने कंत्राट आपल्याकडे घेतलं आणि इंजिनिअर हाताशी धरून ते तडीस नेलं.

पहिली पासष्टेक वर्षं खंडाळ्याच्या अलीकडे गाडीला उलटं फिरावं लागायचं. डोंगराला वळसा घालायला जागाच नव्हती, म्हणून गाडी एका टोकाला जाऊन थांबायची, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावायचं आणि मग पुढचा चढ. म्हणजे इतका वेळ शेवटी असलेला डबा पहिला व्हायचा. नवे बोगदे काढून १९२९ मध्ये उलटं फिरण्याचं ते स्थानक बंद केलं, त्याच सुमारास घाटात वीज आली आणि १९३० च्या जूनमध्ये डेक्कन क्वीन धावू लागली. बँकर मात्र राहिले. कोळसा गेला, वीज बदलली, इंजिनांच्या पिढ्या बदलल्या, शेपटाचा जोर तसाच.

सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत, हा प्रश्न मला बरेच दिवस होता. उत्तर जोडावरच्या हुकात आहे. सगळी ओढ पुढून दिली तर अख्ख्या गाडीचं वजन पहिल्या डब्याच्या जोडावर येतं आणि अशा चढावर तो तुटू शकतो. मागून ढकललं की ओझं वाटलं जातं. शिवाय मधला एखादा जोड तुटलाच तर मागचे डबे घाट उतरत सुटत नाहीत, त्यांना पाठीशी कुणीतरी असतं. पण मला खरं नवल वाटतं ते बँकरच्या चालकाचं. त्याच्या काचेपुढे शेवटच्या डब्याची पाठ. सिग्नल त्याला दिसत नाही, बोगदा येतो तेव्हा डबे आत शिरत शिरत शेवटी तो शिरतो. किती जोर लावायचा, कधी सैल सोडायचा, हे पुढच्या चालकाकडून कळायचं. पूर्वी ठरलेल्या शिट्ट्यांनी, आता वॉकीटॉकीवर. पुढचा थांबला आणि मागचा ढकलतच राहिला, तर मधले डबे रुळावरून उठतील. संडरलंडच्या जिन्यात जे नव्हतं ते नेमकं इथे आहे. मागच्याला इथेही दिसत नाही, पण त्याला सांगणारं कुणीतरी पुढे आहे, आणि सांगितलेलं तो ऐकतो.

लोणावळ्याला बँकर सुटतात. तोवर वडे संपलेले असतात, बाहेर गार वारा असतो, लोक चिक्कीवाल्याकडे बघत असतात. गाडी पुण्याकडे निघते आणि ती इंजिनं रिकामी घाट उतरून पुढची गाडी ढकलायला कर्जतला परततात. अलीकडे हा खेळ कमी होत चालला आहे. मुंबईहून हजरत निजामुद्दीनला जाणाऱ्या राजधानीला २०१९ मध्ये पुढे आणि मागे कायमचं एकेक इंजिन लावलं, म्हणजे कसाऱ्याचा थांबा वाचला. फेब्रुवारी २०२३ पासून मुंबई–सोलापूर वंदे भारत बोरघाट बँकरविना चढते, कारण तिच्या डब्यांखालीच मोटारी आहेत. तिथे ओढणारा आणि ढकलणारा असा भेदच उरला नाही. वेळ वाचतो, हे खरंच आहे.

माणसं ढकलतात तेव्हाही हा पुढचा-मागचा करार असतो. मुंबईच्या मशीद बंदर भागात लोखंडाने किंवा कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेली हातगाडी बघावी. मागचे दोघं मान खाली घालून, दंडावर सगळं अंग टाकून रेटत असतात. पुढचा दांडा धरून ‘बाजू, बाजू’ ओरडत वाट काढतो. त्याचं ओरडणं जितकं रस्त्यासाठी, तितकंच मागच्यांसाठी. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून तिथे माणसांनी चालवायच्या रिक्षा राहिल्या: एक पुढून ओढणार, एक-दोघं मागून ढकलणार आणि मध्ये आपण बसून दरी बघणार. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत माणुसकीला सोडून आहे असं म्हणत सहा महिन्यांत ती बंद करायला आणि रिक्षावाल्यांना ई-रिक्षा मिळण्याची सोय करायला सांगितलं. लाल मातीच्या त्या चढावर मागचा दिसायचा नाही, त्याचा श्वास तेवढा ऐकू यायचा. बसलेल्याला दरी छान दिसत असे, ती त्या श्वासाच्या जोरावर.

वस्तू ढकलून भागत नाही म्हणून आपण काळही ढकलतो. परीक्षा पुढे ढकलली, निवडणुका पुढे ढकलल्या, लग्न मार्गशीर्षात ढकललं. ‘काय, कसं चाललंय?’ या प्रश्नाला आमच्या चाळीतले निवृत्त मास्तर एकच शब्द बोलायचे, ‘ढकलतोय.’ काय ढकलतोय हे विचारायची गरज नसे. पोरगं नापास होण्याच्या काठावर असलं की तेच मास्तर त्याला ‘वर ढकलायचे’. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाच मागे ठेवायचं नाही असं ठरवलं आणि ढकलण्याला सरकारी मान्यता मिळाली. २०१९ मध्ये त्यात बदल होऊन पाचवी आणि आठवीला परीक्षा घेऊन मागे ठेवायची मुभा आली. वाद अजून चालू आहे. मला त्यात एवढंच सांगायचं आहे, की मास्तर ज्याला वर ढकलायचे त्याला संध्याकाळी घरी बोलावून गणितंही घालायचे. वरच्या वर्गात गेल्यावर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय, हे त्यांना ठाऊक होतं. नुसतं ढकलून हात झटकणं आणि हे, यांत फरक आहे.

प्रसूतिगृहात हे क्रियापद हल्ली मराठी बायकाही इंग्रजीतच ऐकतात. ‘पुश करा, पुश.’ आधीच्या पिढीतल्या सुईणी ‘जोर कर बाई’ म्हणत. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांना वाटतं, पहिल्या कळेपासून जोर लावायचा असतो. तसं नसतं. गर्भाशयाचं तोंड पुरतं, म्हणजे दहा सेंटीमीटर, उघडेपर्यंत जोर करू देत नाहीत. सगळं अंग ढकल म्हणत असतं आणि उशाशी उभी बाई ‘अजून नाही’ म्हणत असते. मग तीच म्हणते, ‘आता!’ आणि डोकं बाहेर यायला लागलं की पुन्हा, ‘थांबा, जोर नको, तोंडाने फू फू करत श्वास सोडा,’ कारण त्या घडीला घाई केली तर आईला इजा होते. माझ्या वेळी मी त्या वयस्कर नर्सवर चांगलीच तडकले होते. एकदा ढकला म्हणता, एकदा थांबा म्हणता! ती शांतपणे म्हणाली, ‘ताई, जोर तुमचा आहे, पण तुम्हाला काही दिसत नाहीये. मला दिसतंय. मी सांगते तसं करा.’

ढकलण्याबद्दल याहून जास्त काही मला पुढे कुणी शिकवलं नाही. मूल जगात आल्यावर आईबापांचं ढकलणं काही थांबत नाही. आठवीपासून क्लास, दहावीनंतर लातूर नाही तर कोटा. वीस वर्षांनी कोणती विद्या चालेल हे आपल्याला कुठलं दिसायला. आपल्या डोळ्यांपुढे असते ती पोराची पाठ आणि पाठीवरचं दप्तर. तरी जोर लावणं सुटत नाही, आणि ते सुटावं असं मी म्हणणारही नाही. कधीच न ढकललेली मुलं चढाच्या पायथ्याशी बसून राहिलेलीही पाहिली आहेत. पण आपल्या जोरावर आपले डोळे नाहीत, हे ढकलताना आठवावं लागतं. पुढून ‘हळू’ असं ऐकू आलं तर ते उद्धटपणाचं समजू नये. त्याला दिसतंय म्हणून तो म्हणतोय, अशी निदान एक शक्यता धरावी.

आताच्या गाड्या बटण दाबलं की सुरू होतात आणि बऱ्याच गाड्यांना गिअर आपले आपण पडतात. तसल्या गाड्या ढकलून चालू करता येतच नाहीत. पण आमच्या चाळीत अण्णांची फियाट होती. पावसाळ्यात तिची बॅटरी हमखास मान टाकायची. मग अण्णा चावी फिरवून, क्लच दाबून, दुसरा गिअर टाकून बसायचे आणि खिडकीतून ओरडायचे, ‘लावा रे जोर!’ चाळीतली चार पोरं असायचीच, पण रस्त्यावरून जाणारा अनोळखी माणूसही पिशवी कडेला ठेवून मागे हात लावायचा. कुणाला बोलवावं लागत नसे. सायकलवाला, इस्त्रीवाला, एकदा तर लग्नाला निघालेला सुटातला गृहस्थ. गाडीने थोडा वेग धरला की अण्णा क्लच सोडायचे. एक गचका, काळा धूर, आणि इंजिन बोलू लागायचं. त्या क्लचची वेळ अण्णांनाच कळे. मागच्यांनी कितीही जोर लावला तरी तो क्षण त्यांच्या हातात नव्हता, आणि अण्णांनी कितीही कसब दाखवलं तरी मागच्यांवाचून तो क्षण आला नसता.

एक अडचण होती. गाडी चालू झाली की अण्णांना थांबता यायचं नाही. थांबले तर पुन्हा बंद. त्यामुळे ढकलणाऱ्यांचे आभार मानायची सोय नव्हती. आभाराला ते घटकाभर थबकले असते तर आभार मानण्यासारखं काही उरलं नसतं. सवयीने त्यांचा पाय ब्रेककडे जायचा, गाडी क्षणभर मंदावायची, आणि मागून सगळे, तो सुटातला गृहस्थसुद्धा, एका आवाजात ओरडायचे, ‘अहो थांबताय काय? जा, जा!’